अनेक यंत्रे, एक गणित



 मी आयुष्यभर गणित शिकविले. गणिताच्या शिक्षकाचे बोलणे ऐकावयास वसंतातल्या अशा सुंदर संध्याकाळी लोक आपण होऊन येतील, हे मला कधी खरे वाटले नसते. वर्गात तर हजेरी घेऊनच मुलांना बसवावे लागे. तेव्हा आपण आलात हाच माझा मोठा गौरव आहे. आता आपली निराशा होऊ नये एवढीच काळजी.

आजचा विषय असा, की अनेक साधे संगणक एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एखाद्या प्रचंड संगणकाचे काम करवून घेता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या अटीवर? अशा जोडलेल्या संगणकांना तंत्रज्ञ मंडळी क्लस्टर म्हणतात. मी आज नुसते ‘समूह’ म्हणेन.

एका प्रश्नाने आरंभ करतो. सेमूर क्रे नावाचे एक मोठे अमेरिकन यंत्रज्ञ होऊन गेले. १९७६ साली त्यांच्या कारखान्यातून ‘क्रे-१’ नावाचा महासंगणक बाहेर पडला, आणि पुढे कित्येक वर्षे वेगवान संगणक म्हणजे क्रे यांचा संगणक असे समीकरणच होऊन बसले. एकच बलाढ्य यंत्र बांधण्यापेक्षा हजार लहान यंत्रे का जोडू नयेत, असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी उलट विचारले, असे सांगतात, की शेत नांगरावयाचे असेल तर तुम्ही दोन दणकट बैल जुंपाल की १०२४ कोंबड्या? प्रश्न ऐकून हसू येते. नांगर जवळून पाहिलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला तर उत्तर द्यावयाचीही गरज वाटत नाही. तथापि गंमत अशी, की आज जगातील सर्वांत वेगवान संगणक पाहावयास गेलात तर ते बहुतेक कोंबड्यांचेच बनलेले आढळतील. बैल मागे पडले आणि कोंबड्या पुढे गेल्या. हे कसे झाले, आणि क्रे यांच्यासारखा जाणता मनुष्य चुकला कोठे, किंवा चुकला की नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

समूह म्हणजे काय ते आधी नीट पाहू. बँकेत किंवा तलाठी कार्यालयात असतो तसा एखादा साधा संगणक डोळ्यांसमोर आणा. त्यात तीन गोष्टी मुख्य असतात. हिशेब करणारा भाग, त्याला प्रोसेसर म्हणतात. हिशेब चालू असताना आकडे हाताशी ठेवणारी स्मृती. आणि कायमची नोंद ठेवणारी तबकडी. असे दहा-वीस संगणक फळ्यांवर ओळीने मांडा. पडदा आणि कळफलक एकालाच असला तरी पुरे. प्रत्येकातून एक तार काढून ती मधल्या एका पेटीत खोचा. या पेटीला स्विच म्हणतात. तिचे काम टपाल कचेरीसारखे. ज्याचा निरोप त्याला पोचविणे. त्यांतील एका यंत्राला मुकादम नेमा. तो कामाचे वाटप करील आणि उत्तरे गोळा करील. झाला समूह! यात कोणतीही अपूर्व वस्तू नाही. दुकानात मिळणार नाही असा एकही भाग नाही.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी मेख तिच्यात आहे. प्रत्येक यंत्राची स्मृती त्याची स्वतःची. शेजारच्या यंत्राने काय उत्तर काढले हे त्याला डोकावून पाहता येत नाही. ते हवे असेल तर निरोप पाठवावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

आपण म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? एकच संगणक अधिक वेगवान का करू नये? बरीच वर्षे तसेच चालले होते. प्रोसेसर हा ठोक्यांवर काम करतो. जितके ठोके जलद, तितका हिशेब जलद. वर्षानुवर्षे कारखानदार हे ठोके वाढवीत गेले. पण ठोके वाढले की उष्णता वाढते, आणि २००४-०५ च्या सुमारास ती इतकी वाढली की नखाएवढी चकती थंड कशी ठेवावी हाच प्रश्न होऊन बसला. सेकंदाला तीन-चारशे कोटी ठोक्यांपाशी गाडी जवळजवळ अडली. मग कारखानदारांनीही तोच मार्ग धरला. एका चकतीवर एकाऐवजी दोन, चार, आठ हिशेबनीस बसविले. आपल्या खिशातील मोबाईलमध्येही आज असे अनेक हिशेबनीस आहेत. म्हणजे क्रे यांच्या कोंबड्या आपण प्रत्येक जण खिशात घालून हिंडतो आहोत!

समूहाची कल्पना मात्र त्याआधीच प्रत्यक्षात आली होती. अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेचे गॉडर्ड नावाचे केंद्र आहे. तेथे १९९४ साली टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर या दोघांनी १६ साधे संगणक एकत्र जोडले. त्यांत ‘४८६’ जातीचे, म्हणजे त्या काळी घराघरांत व कचेऱ्यांत असणारेच प्रोसेसर होते. मोठ्या हिशेबाचे यंत्र पन्नास हजार डॉलरच्या आत शास्त्रज्ञाच्या टेबलाशी यावे, ही त्यांची ईर्षा होती. त्या वेळी यंत्रे जोडणारी तार फार मंद होती. तेव्हा त्यांनी प्रत्येक यंत्राला एकीऐवजी दोन तारा लावल्या आणि निरोप दोन्हींवर वाटून दिले. कार्यप्रणाली घेतली ती लिनक्स. ती विनामूल्य होतीच, शिवाय तिचे अंतरंग सर्वांना खुले होते, म्हणून तारेवरून निरोप नेणारा तिचा भाग बेकर यांना स्वतः लिहिता आला. या समूहाला त्यांनी ‘बेओवुल्फ’ हे नाव दिले. हा एका प्राचीन इंग्रजी काव्याचा नायक. त्याच्या मुठीत तीस माणसांचे बळ होते अशी कथा आहे. त्याच वर्षी यंत्रांनी एकमेकांस निरोप कसे पाठवावेत याचे सर्वमान्य नियम ठरले. ‘एम.पी.आय.’ या नावाने ते ओळखले जातात आणि आजही चालतात. यंत्रे स्वस्त, प्रणाली मोफत आणि बोलण्याची भाषा एक, अशी तिन्ही सामग्री एकाच वेळी जुळून आली.

याहून मला आवडणारी गोष्ट दुसरी आहे. युरोपात एक लोककथा सांगतात. भुकेला वाटसरू गावात येतो. कोणी अन्न देत नाही. तो चव्हाट्यावर भांड्यात पाणी उकळत ठेवतो, त्यात एक दगड टाकतो आणि म्हणतो, दगडाचे सार करतो आहे, मीठ असते तर छान झाले असते. कोणी मीठ आणते, कोणी कांदा, कोणी गाजर. शेवटी सारा गाव जेवतो. अमेरिकेतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन या दोघांना देशाचा एक नकाशा करावयाचा होता. हवा, पाऊस, माती यांच्या साम्यावरून प्रदेश पाडावयाचे होते, आणि तेही एक एक चौरस किलोमीटरच्या बारकाईने. असे सुमारे ७८ लाख चौकोन होतात. ६४ संगणकांच्या समूहासाठी त्यांनी मागणी केली. ती नामंजूर झाली. तेव्हा या दोघांनी कचेऱ्यांतून टाकून दिलेले जुने संगणक गोळा करावयास आरंभ केला. १९९७ पासून वाढत वाढत २००१ पर्यंत त्यांच्याकडे १३० हून अधिक यंत्रे जमली. यंत्रांना पैसा पडला नाही. समूहाला नाव अर्थात त्या दगडाच्या साराचेच दिले. आणि नकाशा तयार झाला.

यात एक बारीक मुद्दा आहे तो सोडू नये. ही यंत्रे भंगारातली, म्हणून एक जलद तर दुसरे मंद. सर्वांना सारखे काम वाटले असते तर जलद यंत्र आपले संपवून स्वस्थ बसले असते आणि सगळा समूह सर्वांत मंद यंत्रासाठी खोळंबला असता. म्हणून त्यांनी लहान लहान वाटे केले आणि ज्याचा वाटा संपेल त्याने मुकादमाकडून पुढचा न्यावा अशी व्यवस्था केली. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना ओळी नेमून देत नाहीत. ज्याचे पातेले रिकामे होईल तो पुन्हा भरून घेतो आणि जेथे पान रिकामे दिसेल तेथे वाढतो. तोच हा न्याय. मंद यंत्रही उपयोगी पडते, पण दुसऱ्याला अडवीत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कोणतेही काम असे वाटता येते काय? माझ्या मते कामांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात उत्तरपत्रिका तपासण्याची. दहा हजार पत्रिका आहेत. शंभर परीक्षक बसवा, प्रत्येकाला शंभर द्या. एका परीक्षकाला दुसऱ्याशी बोलावेही लागत नाही. येथे समूहाचे पूर्ण बळ मिळते. दुसरी जात दही लावण्याची. आठ भांड्यांत विरजण लावले म्हणून दही आठपट लवकर लागत नाही. ज्या हिशेबात पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावाचून चढताच येत नाही, तेथे हजार यंत्रे असली तरी नऊशे नव्याण्णव बसून राहणार. आणि तिसरी जात या दोहोंमधली, सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड. काम वाटता येते, परंतु शेजाऱ्याला विचारल्यावाचून कोणालाच पुढे जाता येत नाही. हवामानाचे भाकीत हे याचे उत्तम उदाहरण.

या तिसऱ्या जातीचे चित्र संगणक जन्मण्यापूर्वीच एका माणसाने रंगविले होते. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज गणिती. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची गाडी चालवीत, आणि त्या धामधुमीत हाताने गणित करून १९१० सालच्या एका दिवसाच्या सहा तासांच्या हवेचे भाकीत त्यांनी काढून पाहिले. उत्तर साफ चुकले. तरीही १९२२ साली आपल्या ग्रंथात त्यांनी ते प्रामाणिकपणे छापले आणि त्याबरोबर एक स्वप्न मांडले. एक भव्य गोल नाट्यगृह, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि ६४,००० माणसे आपापल्या प्रदेशाच्या हवेचे गणित करीत बसलेली. प्रत्येक जण आपला आकडा शेजाऱ्यांना दिसेल असा लावतो. मध्यभागी उंच खांबावर एक प्रमुख उभा आहे. जे पुढे धावतात त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो आणि जे मागे पडतात त्यांच्यावर निळा. श्रोतेहो, एक शतकापूर्वीचे हे वर्णन आजच्या समूहाला जसेच्या तसे लागू पडते. रिचर्डसन यांना कळले होते, की अवघड काम गुणाकाराचे नसून सर्वांना एका तालात ठेवण्याचे आहे.

हे वाचले होते. तरी मला ते खऱ्या अर्थाने कळले ते फजिती झाली तेव्हा. मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे एका अडगळीच्या खोलीत जुने संगणक कपाटांमागे रचून ठेवले होते. चार हौशी विद्यार्थ्यांना घेऊन मी त्यांतील आठ चालू केले आणि जोडले. गणित निवडले ते साधे. एक लोखंडी पत्रा एका कडेने तापविला तर मध्ये कोठे किती उष्णता राहील? पत्र्यावर बारीक चौकोन आखावयाचे. प्रत्येक चौकोनाची उष्णता म्हणजे त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी. आकडे स्थिर होईपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या करावयाच्या. आम्ही पत्र्याच्या आठ पट्ट्या केल्या आणि एकेका यंत्राला एकेक दिली. एका यंत्राला चाळीस मिनिटे लागत. आठांना पाच लागतील या आशेने आम्ही घड्याळ लावून बसलो. पन्नास मिनिटे झाली! आठ जण मिळून एकट्याहून मागे! मुलांचे चेहरे पडले. माझाही पडला, पण मला तो दाखविता येत नव्हता.

दोन दिवस आम्ही कारण शोधले. पट्टीच्या कडेच्या प्रत्येक चौकोनाचा आकडा आमची यंत्रे शेजाऱ्याला स्वतंत्र निरोपाने कळवीत होती. एकेका फेरीला शेकडो निरोप! निरोप लहान असो की मोठा, तो बांधून तारेवर टाकणे आणि पलीकडे सोडविणे यालाच ठराविक वेळ लागतो. साध्या तारेवर तो सेकंदाचा दहाहजारावा भाग धरा. ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु तेवढ्यात आजचे यंत्र लाखभर बेरजा करून मोकळे होते. म्हणजे एक बेरीज करण्यासाठी आम्ही लाख बेरजांचा वेळ टपालात घालवीत होतो. बाजारातून शेंगदाणे आणावयाचे आणि एकेक दाण्याला एकेक खेप घालावयाची, असा तो प्रकार. मग आम्ही दोन सुधारणा केल्या. सगळी कड एकाच निरोपात बांधली. आणि निरोप वाटेत असताना यंत्राने रिकामे न बसता पट्टीच्या मधल्या चौकोनांचे काम उरकावे असे ठरविले, कारण त्यांना शेजाऱ्याची गरज नसते. तीच यंत्रे, तीच तार, तोच पत्रा; पण काम आठ मिनिटांच्या आत आले. एक रुपयाही जास्त खर्च झाला नाही. खर्च झाला तो विचार.

आपण म्हणाल, आठपट का नाही? पाचपटच का? याचे उत्तर जीन अ‍ॅम्डाल या यंत्रज्ञाने १९६७ साली देऊन ठेवले आहे, आणि ते प्राथमिक शाळेच्या अंकगणिताने कळते. समजा, एक काम दहा तासांचे आहे. त्यांतील नऊ तासांचे वाटता येते, एक तासाचे येत नाही. नऊ यंत्रे लावलीत तर वाटता येणारा भाग एका तासात होईल. एकूण दोन तास, म्हणजे पाचपट वेग. नव्वद लावलीत तर एक तास सहा मिनिटे. नऊशे लावलीत तर एक तास छत्तीस सेकंद. आणि नऊ लाख लावलीत तरी एक तासाच्या आत कधीच नाही! नव्वदावरून नऊशेवर जाताना खर्च दहापट झाला आणि वाचली सुमारे साडेपाच मिनिटे. वाटता न येणारा तो एक तास साऱ्या समूहाच्या मानगुटीवर बसलेला असतो.

यावर निराश होण्याचे कारण नाही. १९८८ साली जॉन गुस्टाफसन यांनी दुसरी बाजू दाखविली. मोठे यंत्र हाती आले की माणूस जुनेच गणित लवकर उरकून स्वस्थ बसत नाही. तो अधिक मोठे गणित हाती घेतो. मोठ्या गणितात वाटता येणारा भाग बहुधा पुष्कळ वाढतो, न येणारा फारसा वाढत नाही. हवामानाचेच पाहा. नकाशावर १२ किलोमीटरचे चौकोन असतील तर घाटमाथा आणि त्याच्या पलीकडचा पर्जन्यछायेचा भाग एकमेकांत मिसळून जातात. ६ किलोमीटरचे केले तर ते वेगळे दिसू लागतात. पण चौकोन लांबीत आणि रुंदीत निम्मे झाले म्हणजे संख्येने चौपट, आणि काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेली ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट’ प्रणाली मे २०२५ मध्ये देशाला अर्पण झाली. त्यापूर्वीचे चौकोन सुमारे १२ किलोमीटरचे होते. पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे, हा प्रश्न ज्याच्या घरात आहे त्याला या आठपटीचे मोल मी सांगावयास नको.

पुण्याचे नाव निघालेच, तर या कथेतला एक अध्याय आपल्या घरचा आहे तोही सांगतो. १९८० नंतरच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी जे अधिक शक्तीचे यंत्र मागितले होते ते मिळाले नाही. हवामानाच्या कामापुरते त्याहून लहान यंत्र दिल्लीला मिळाले. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. बैल विकत मिळत नव्हता आणि तो येथे घडविण्याची सामग्रीही नव्हती. त्यांनी ट्रान्स्प्यूटर नावाच्या ब्रिटिश चकत्या घेतल्या. या चकतीला जणू चार हात असतात. चार शेजाऱ्यांशी ती सरळ बोलू शकते. अशा चकत्या जोडून १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याची कमाल गती सेकंदाला शंभर कोटी गणिती क्रिया इतकी धरली जाते. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये चकत्यांऐवजी संपूर्ण संगणकच एकमेकांस जोडले. तो खऱ्या अर्थाने समूह, आणि त्याची गती शंभरपट. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात जगातील वेगवान संगणकांच्या यादीत पुण्यातील एका समूहाने चौथा क्रमांक मिळविला. टाटांच्या संस्थेचा तो समूह सतराशेहून अधिक यंत्रांचा होता आणि सेकंदाला ११७ लक्ष कोटींहून अधिक क्रिया करीत होता. सतराशे यंत्रांच्या त्या मेळ्याला नाव काय दिले असेल? ‘एक’! मला वाटते, या विषयाचे सार एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितले नसेल.

नारायणगावाजवळ खोडदला आपल्यापैकी काही जण गेले असतील. तेथे रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्या मिळून एकच दुर्बीण होते. पण केव्हा? सर्व तबकड्यांनी टिपलेल्या लहरी क्षणाक्षणाला एकमेकींशी ताडून पाहिल्या तरच. हे ताडून पाहण्याचे काम २०१० च्या सुमारास साध्या संगणकांच्या समूहाकडे दिले गेले. म्हणजे तबकड्यांचा समूह बाहेर रानात आणि संगणकांचा समूह आत खोलीत; दोघांचाही धर्म एकच.

समूहाच्या अडचणी लपवू नयेत. समजा, एक यंत्र सरासरीने हजार दिवसांतून एकदा बिघडते. घरी असले तर आपण त्याला गुणी म्हणू. पण अशी हजार यंत्रे एकत्र केलीत की रोज एक बिघडणार! म्हणून मोठ्या समूहात दर थोड्या वेळाने अर्धवट हिशेब तबकडीवर लिहून ठेवतात. मध्येच कोणी कोसळले तर आरंभापासून न करता शेवटच्या नोंदीपासून पुढे चालू करतात. दुसरी अडचण विजेची. आमच्या त्या आठ जुन्या यंत्रांचे मिळून जेवढे काम होई, तेवढे आजचे एक बरे यंत्र कमी विजेत करील. तेव्हा जुनी यंत्रे जोडून पुण्याच्या महासंगणकाशी स्पर्धा करावी असे मी मुळीच सुचवीत नाही. ती यंत्रे कारखाना म्हणून नव्हे, तालीम म्हणून हवीत.

कारण कमतरता आज यंत्रांची राहिलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या त्याच हवामान संस्थेत ‘अर्क’ नावाचा समूह सुरू झाला. त्याची कमाल शक्ती सेकंदाला ११ हजार लक्ष कोटी क्रियांहून अधिक आहे. ज्या ओक रिजमध्ये भंगारातले संगणक जोडले गेले, त्याच प्रयोगशाळेत २०२२ साली ‘फ्रंटियर’ नावाचा समूह उभा राहिला. नऊ हजारांहून अधिक यंत्रांच्या त्या समूहाने सेकंदाला एकावर अठरा शून्ये एवढ्या क्रियांची मर्यादा ओलांडली. यंत्र मोठे होत राहील. परंतु त्याला द्यावयाचे काम वाटून कोण देणार? ते कौशल्य विकत मिळत नाही. आणि आपल्या गावातील विद्यार्थी तीन-चार वर्षे संगणक शिकून बाहेर पडतात, तरी दोन यंत्रांना मिळून एक गणित सोडविताना त्यांतील बहुतेकांनी पाहिलेले नसते. एका यंत्राशी एकट्याने बसण्याचीच त्यांना सवय. मग मोठी यंत्रे येतील आणि आपली मुले त्यांची प्रेक्षक होतील, ही मला भीती वाटते. आपल्यापैकी जे संस्थाचालक आहेत त्यांना माझी विनंती आहे, की निकाली काढलेले संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्यांतील आठ मुलांच्या हाती द्यावेत. पन्नास मिनिटांची फजिती त्यांना एकदा होऊ द्यावी. त्या फजितीत जे शिक्षण आहे ते माझ्या व्याख्यानात नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देऊन संपवितो. क्रे चुकले काय? नाही, चुकले नाहीत. शेत नांगरावयास बैलच हवेत. पण त्याच शेतात सांडलेले दाणे वेचावयाचे असतील, तर दोन बैल काय कामाचे? तेथे हजार कोंबड्या घटकाभरात रान साफ करतील. अर्थात प्रश्न जनावराचा नसून कामाचा आहे. गेल्या चाळीस वर्षांत मनुष्याने जे साधले ते एवढेच, की जी कामे नांगरटीची वाटत होती, त्यांतील पुष्कळशी त्याने बुद्धी चालवून दाणे वेचण्याची करून दाखविली. जेथे ते साधले तेथे अनेक यंत्रांचे एक यंत्र झाले. जेथे साधले नाही तेथे अनेक यंत्रांचा नुसता बाजार भरला. हे काम यंत्राचे नाही. ते माणसाचेच आहे आणि माणसाकडेच राहील.